एसएमई आयपीओ आणि मार्केट मेकर : तो काय करतो आणि काय करत नाही



आयपीओच्या मालिकेतल्या व्हिडिओत मार्केट मेकरचा भाग मी घाईत उरकला, हे मान्य. आकडेमोड पडद्यावर भरभर निघून गेली. म्हणून तो भाग इथे सविस्तर लिहून काढतोय. वही-पेन आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसा, पाऊण तासात सगळं डोक्यात बसेल.

सुरुवात एका प्रश्नापासून करतो. कोल्हापूरच्या बॅचमध्ये एक उद्योजक होते. मशीन शॉप, चाळीस-पंचेचाळीस माणसं, ऑर्डर बुक भरलेलं. आयपीओची तयारी चालू होती. जेवणाच्या सुट्टीत मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, मार्केट मेकर नेमला म्हणजे आपला शेअर पडणार नाही ना? एक सल्लागार म्हणतोय, फीच्या वर पंचवीस लाख रोख द्या, वर्षभर भाव इश्यू प्राइसच्या खाली जाऊ देत नाही."

मी विचारलं, "तुम्हाला इतकी काळजी कशाची?"

ते म्हणाले, "मेहुण्याने पैसे काढून ठेवलेत. चुलत भाऊ घेतोय. आमचा फोरमनसुद्धा दोन लॉट घेणार म्हणतोय. ही माणसं माझ्या तोंडाकडे बघून पैसे टाकतायत सर. शेअर पडला तर गावात कुठल्या तोंडाने फिरू?"

काळजी अगदी खरी होती. पण त्यावरचा जो उपाय त्यांना सांगितला गेला होता, तो त्यांना थेट सेबीच्या दारात नेणारा होता. आजचा धडा हाच. मार्केट मेकर नेमका कोण, त्याच्याकडून काय मागायचं आणि काय चुकूनही मागायचं नाही.

आडत्या वेगळा, मार्केट मेकर वेगळा

बाजार समितीतला आडत्या तुम्हाला माहीत आहे. शेतकऱ्याचा माल तो विकून देतो आणि आपली अडत घेतो. माल त्याच्या मालकीचा नसतो. भाव पडला तर नुकसान शेतकऱ्याचं, आडत्याची अडत ठरलेली. शेअर बाजारातला ब्रोकर साधारण असाच असतो.

आता जुन्या दुचाकींचा डीलर बघा. तुमची गाडी तो स्वतःच्या पैशाने चाळीस हजारांना घेतो, दुकानात उभी करतो आणि गिऱ्हाईक आलं की पंचेचाळीस-सेहेचाळीसला विकतो. मधे दोन महिने गाडी पडून राहिली, नवीन मॉडेल आलं, भाव उतरला, तर भुर्दंड त्याचा. मार्केट मेकर हा या डीलरसारखा आहे. स्वतःच्या पैशाने शेअर घेतो, स्वतःजवळ ठेवतो, स्वतःच विकतो.

फक्त एक मोठा फरक आहे. दुचाकीवाला "आज नको, उद्या या" म्हणू शकतो. मार्केट मेकरला तसं म्हणता येत नाही. बाजार चालू असताना त्याने दोन्ही भाव लावून बसायचं असतं : "या भावाला मी घेतो, या भावाला मी देतो." आणि लावलेल्या भावाला, लावलेल्या संख्येइतका सौदा त्याने पाळायलाच लागतो.

या दोन भावांना म्हणतात दुतर्फा कोट, म्हणजेच टू-वे कोट. दोन भावांमधलं अंतर म्हणजे स्प्रेड. त्याची रोजची कमाई या स्प्रेडमधून येते. शिवाय कंपनीबरोबरच्या करारात ठरलेली फी असते ती वेगळी.

मोठ्या कंपनीला तो का लागत नाही?

मोठ्या, नावाजलेल्या कंपनीच्या शेअरमध्ये दिवसभर हजारो माणसं घ्यायला आणि विकायला उभी असतात. कॉम्प्युटर त्यांच्या ऑर्डरी जुळवतो. तिथे मुद्दाम कुणी दार उघडून बसायची गरज नसते.

ही स्क्रीनची पद्धत आपल्याकडे तशी नवीनच. एनएसईवर १९९४ पासून, बीएसईवर १९९५ पासून. त्याआधी दलाल स्ट्रीटवरच्या रिंगणात माणसं उभी राहून ओरडून सौदे करायची. तिथे 'तारवणीवाला' नावाची जमात होती, इंग्रजीत त्यांना जॉबर म्हणत. तारवणीवाला ठराविक शेअरमध्ये दोन भाव सांगायचा, स्वतःच्या खात्यावर घ्यायचा, विकायचा. म्हणजे मार्केट मेकर हे बाहेरून आलेलं फॅड नाही, मुंबईने हे काम पिढ्यान्पिढ्या केलंय.

आता तुमच्या कंपनीचा विचार करा. तीन-चारशे भागधारक, त्यातले निम्मे ओळखीचे. एखाद्या मंगळवारी सकाळी साडेदहाला कुणाला एक लॉट विकायचा आहे आणि त्या क्षणी घेणारा कुणीच नाही. मग तो काय करणार? म्हणून २०१२ मध्ये बीएसई एसएमई आणि एनएसई इमर्ज हे छोट्या कंपन्यांचे मंच सुरू झाले, तेव्हा तिथे मार्केट मेकर सक्तीचा ठेवला गेला.

नियम थोडक्यात

हे वहीत उतरवून घ्या.

१. लिस्टिंगच्या दिवसापासून किमान ३ वर्षं मार्केट मेकिंग बंधनकारक. ती व्यवस्था होते आहे ना, हे बघण्याची जबाबदारी लीड मॅनेजरची, म्हणजे तुमच्या मर्चंट बँकरची.

२. वाटपाच्या दिवशी मार्केट मेकरच्या हातात इश्यूतले किमान ५ टक्के शेअर असले पाहिजेत. दुकान उघडताना फळीवर माल हवाच, तसं.

३. बाजाराच्या वेळेपैकी किमान ७५ टक्के वेळ त्याचे दोन्ही भाव स्क्रीनवर हवेत. बाजार सव्वानऊ ते साडेतीन, म्हणजे ३७५ मिनिटं. त्यातली साधारण ९४ मिनिटं तो नसला तरी चालतं, पण कधी नसणार ते एक्स्चेंजला आधी कळवावं लागतं.

४. स्प्रेड किती ठेवायचा यालाही मर्यादा आहे. शेअरचा भाव ५० रुपयांपर्यंत असेल तर जास्तीत जास्त ९ टक्के, ५० ते ७५ असेल तर ८ टक्के, ७५ ते १०० असेल तर ६ टक्के, आणि १०० च्या वर ५ टक्के.

५. त्याच्याकडे शेअर फार साठले तर खरेदीचा भाव लावण्यातून त्याला सूट मिळते. ही मर्यादा इश्यूच्या आकारावर ठरते : २० कोटींपर्यंत २५ टक्के, २० ते ५० कोटींना २० टक्के, ५० ते ८० कोटींना १५ टक्के आणि ८० कोटींच्या वर १२ टक्के. साठा यापेक्षा एक टक्का खाली आला की पुन्हा खरेदीचा भाव लावायचा. पहिल्या तीन महिन्यांत मात्र ही सूट नाही.

६. प्रमोटरला आपले शेअर मार्केट मेकरला विकता येत नाहीत. हे दार बाहेरच्या गुंतवणूकदारांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही.

पाचवा मुद्दा पुन्हा एकदा वाचा. बहुतेक प्रमोटरना तो माहीतच नसतो.

आता आकडेमोड

एक काल्पनिक कंपनी घेऊ. इश्यूत २४ लाख शेअर, भाव ११० रुपये. म्हणजे इश्यू २६ कोटी ४० लाखांचा. या भावाला लॉट १,२०० शेअरचा. एका लॉटची किंमत १,३२,००० रुपये. एकूण लॉट झाले २,०००.

मार्केट मेकरचे ५ टक्के म्हणजे १०० लॉट. १,२०,००० शेअर. त्याचे १ कोटी ३२ लाख रुपये पहिल्याच दिवशी तुमच्या कंपनीत अडकले.

तो भाव लावतो : १०८ ला घेतो, ११२ ला देतो. स्प्रेड ४ रुपये, मर्यादेच्या आत. एक लॉट १०८ ला घेतला आणि तोच ११२ ला विकला, तर सुटले ४ गुणिले १,२००, म्हणजे ४,८०० रुपये. त्यातून खर्च आणि कर जायचे ते वेगळे.

आता समजा शेअर ११० वरून ९९ वर आला. फक्त दहा टक्के. छोट्या शेअरमध्ये हे दोन-तीन दिवसांत होतं. त्याच्या १,२०,००० शेअरवर ११ रुपयांप्रमाणे तोटा झाला १३ लाख २० हजार.

१३,२०,००० भागिले ४,८००. करून बघा. २७५.

म्हणजे हा एक खड्डा भरायला त्याला २७५ लॉट घेऊन-विकून दाखवावे लागतील. तुमच्या शेअरमध्ये दिवसाला तीन-चार लॉटचीच उलाढाल असेल, तर किती महिने लागतील ते तुम्हीच काढा.

मित्रांनो, या आकड्यात सगळं उत्तर आहे. रुपयावर साडेतीन-पावणेचार पैसे सुटणारा हा धंदा. भाव पडत असताना छातीचा कोट करून उभं राहणं त्याला परवडतच नाही, आणि ते त्याचं कामही नाही.

भाव खाली आणणं हा त्याच्या कामाचाच भाग

हे ऐकून प्रमोटर दचकतात. पण नीट बघा.

सकाळी त्याने १०८–११२ लावलं. विकणारे तीन आले, घेणारा एकही नाही. त्याच्याकडे तीन लॉट वाढले. आता तो काय करेल? दोन्ही भाव खाली सरकवेल : १०६–११०. का? विकणाऱ्याने जरा थांबावं आणि घेणाऱ्याला मोह व्हावा म्हणून. आणखी विकणारे आले की १०४–१०८. उलट घेणारे जास्त आले तर भाव वर सरकतील.

दुचाकीच्या डीलरकडे एकाच मॉडेलच्या बारा गाड्या साठल्या तर तेरावी तो जुन्या भावाने घेईल का? नाही ना? तेच इथे.

म्हणजे शेअर खाली येताना स्क्रीनवर मार्केट मेकरचे भाव उतरताना दिसले, तर त्याने गद्दारी केली असं नाही. तेवढ्या भावाला तरी तो घेतोय, म्हणून विकणाऱ्याला बाहेर पडता येतंय, हे बघायचं.

आणि याला शेवट आहे. आपल्या उदाहरणात इश्यू २० ते ५० कोटींमधला, म्हणून मर्यादा २० टक्के, म्हणजे ४०० लॉट. १०० लॉट आधीच हातात आहेत. तीन महिन्यांनंतर कधीही साठा ४०० वर गेला की तो खरेदीचा भाव लावायचं थांबवू शकतो. साठा १९ टक्क्यांवर, म्हणजे ३८० लॉटवर येईपर्यंत. थोडक्यात, तुमच्या २,००० लॉटपैकी जेमतेम ३०० लॉट विकले जातील एवढीच त्याची ढाल. त्यापुढे खरे गुंतवणूकदार हवेत.

मग "भाव टिकवून देतो" म्हणणारा काय विकत असतो?

गणित मांडू. वरचे ३०० लॉट सरासरी १०० रुपयांना घ्यायचे म्हटले तरी ३ कोटी ६० लाख लागतात. पंचवीस लाखांत वर्षभर भाव धरून ठेवतो म्हणणारा माणूस एवढे पैसे घालणार कुठून? घालतच नाही. दोन-चार ओळखीच्या खात्यांमध्ये तेच शेअर इकडून तिकडे फिरवतो. स्क्रीनवर उलाढाल दिसते, भाव हिरवा दिसतो. ते बघून बाहेरचा माणूस आत येतो आणि मग कुणीतरी त्याच्या गळ्यात माल मारून निघून जातं.

याला कायद्यात नाव आहे : बाजारातली फसवणूक आणि लबाडी. त्यासाठी सेबीची २००३ ची स्वतंत्र नियमावली आहे. सेबी कायद्याखाली दंड ५ लाखांपासून सुरू होतो, आणि २५ कोटी किंवा कमावलेल्या नफ्याच्या तिप्पट, यातलं जे जास्त असेल तिथपर्यंत जाऊ शकतो. शिवाय बाजारात यायला बंदी होऊ शकते. "मला माहीत नव्हतं, सल्लागाराने केलं" हे सांगून पैसे देणारा प्रमोटर सुटत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये सेबीने एसएमई शेअरबाबत गुंतवणूकदारांना जाहीर सावध केलं, ते काही प्रमोटर आपल्या कामगिरीचं खोटं चित्र रंगवून भाव चढवतात आणि चढ्या भावात स्वतःचे शेअर विकतात म्हणूनच. तेव्हा आता या मंचावर नजर आहे, हे धरून चाला.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी, त्या हिरव्या भावाला शेवटी बळी कोण पडतं? कोल्हापूरच्या त्या उद्योजकांचा मेहुणा, चुलत भाऊ आणि फोरमन. कारण ते विकायला सगळ्यात शेवटी येतात. "साहेबांची कंपनी आहे, कशाला विकायचं" म्हणत थांबलेले असतात.

नुसत्या नियमाने बाजार उभा राहत नाही

आपल्याकडे हा प्रयोग आधीही झालाय. छोट्या कंपन्यांसाठी ओटीसीईआय नावाचं एक्स्चेंज १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालं आणि १९९२ मध्ये तिथे व्यवहार सुरू झाले. अमेरिकेतल्या नॅसडॅकच्या धर्तीवर. कॉम्प्युटर होते, मार्केट मेकर होते, नियम होते. पण घेणारे-विकणारे पुरेसे आलेच नाहीत. पुढे ते थंडावलं आणि २०१५ मध्ये सेबीच्या परवानगीने बंद झालं.

आणि मार्केट मेकर म्हणजे देवमाणूस असंही समजू नका. खुद्द नॅसडॅकवर १९९४ मध्ये दोन संशोधकांनी दाखवून दिलं की अनेक मोठ्या शेअरमध्ये डीलर मंडळी मधले भाव टाळतायत, त्यामुळे स्प्रेड रुंद राहतोय आणि सामान्य गुंतवणूकदाराला भुर्दंड बसतोय. पुढे चौकशी झाली, दावे झाले, जवळपास १०० कोटी डॉलरची तडजोड डीलर कंपन्यांना करावी लागली. म्हणूनच आपल्याकडे स्प्रेडवर मर्यादा आहे, आणि म्हणूनच तुम्ही ती स्वतः तपासायची आहे.

लीड मॅनेजरला विचारायचे प्रश्न

करारावर सही करण्याआधी हे विचारा. लाजू नका, फी तुम्ही देताय.

• हा मार्केट मेकर सध्या किती कंपन्यांमध्ये काम करतो? त्यातल्या तीन नावांचे भाव आपण आत्ता स्क्रीनवर बघू या. दोन्ही बाजू लावलेल्या आहेत का? स्प्रेड किती आहे?

• एका वेळी किती लॉटचा भाव लावतो? एकाच लॉटचा, की जास्त?

• ३ वर्षांच्या आत त्याने काम सोडलं तर? नोटीस किती, आणि बदली मार्केट मेकर कोण, किती दिवसांत?

• फी किती, कशी द्यायची, आणि ती ऑफर डॉक्युमेंटमध्ये दाखवली आहे ना? जी रक्कम कागदावर दाखवता येत नाही, ती द्यायचीच नाही.

• आपल्या इश्यूला साठ्याची मर्यादा कुठली लागते? किती लॉटवर त्याची खरेदी थांबेल?

आपल्या माणसांना काय सांगायचं?

हा भाग व्हिडिओत राहूनच गेला होता.

फोरमनचं उदाहरण घ्या. २०२५ पासून एसएमई आयपीओत किमान दोन लॉटचा अर्ज करावा लागतो. म्हणजे आपल्या उदाहरणात २,४०० शेअर, २ लाख ६४ हजार रुपये. पुढे जूनमध्ये मुलीच्या फीसाठी त्याला ५० हजार हवेत. तो ५०० शेअर विकू शकतो का? नाही. इथे व्यवहार लॉटमध्येच होतो. विकायचा तर पूर्ण १,२०० चा लॉट, तोही त्या दिवशी मार्केट मेकरने किंवा दुसऱ्या कुणी लावलेल्या भावाला. मेन बोर्डवर एक शेअरसुद्धा विकता येतो, इथे तसं नाही.

हे त्याला आधी सांगा. "भाव वाढेल" असं तर मुळीच सांगू नका. सांगायचं ते एवढंच : "विकायचं ठरवलंस तर बहुतेक दिवशी घेणारा सापडेल, अशी व्यवस्था आहे. कितीला घेईल, ते कंपनीच्या कामावर आणि बाजारावर. अडीअडचणीसाठी ठेवलेले पैसे यात घालू नकोस."

कोल्हापूरच्या त्या उद्योजकांनी सल्लागाराला नकार दिला. आयपीओ सहा महिने पुढे ढकलला, आणि जे पंचवीस लाख रोख द्यायचे होते त्यातून एक पूर्णवेळ अकाउंट्स मॅनेजर आणि वेळच्या वेळी निकाल जाहीर करण्याची व्यवस्था उभी केली. मला फोनवर म्हणाले, "सर, मेहुण्याला सगळं समजावून सांगितलं. त्याने एकदाच अर्ज करायचं ठरवलंय, आणि फोरमनला मीच नको म्हटलं."

मला विचाराल, तर भाव सांभाळण्याची जबाबदारी कुणाची? तुमची. ऑर्डर, वसुली, वेळेवर निकाल, खरे आकडे आणि गुंतवणूकदाराच्या फोनला उत्तर. हे असलं की घेणारे आपोआप येतात आणि मार्केट मेकरचंही काम सोपं होतं.

गृहपाठ

बीएसई एसएमई किंवा एनएसई इमर्जवरच्या, तुमच्याच क्षेत्रातल्या तीन कंपन्या निवडा. पाच दिवस, सकाळी अकरा आणि दुपारी अडीच वाजता, प्रत्येकीचा सगळ्यात वरचा खरेदी भाव, सगळ्यात खालचा विक्री भाव आणि दिवसभरात किती लॉटचे सौदे झाले ते वहीत लिहा. स्प्रेडची टक्केवारी काढा. मग स्वतःला एकच प्रश्न विचारा : यात माझे स्वतःचे तीन लाख असते आणि मला आज हवे असते, तर मी कितीला आणि किती वेळात बाहेर पडलो असतो?

ती वही घेऊन पुढच्या बॅचला या. पुढच्या भागात लीड मॅनेजर कसा निवडायचा ते बघू.

तोपर्यंत, धंदा नेटाने करा आणि हिशेब चोख ठेवा.